सागरतळाशी पोचलेला हात

जबलपूर शहराच्या उत्तर भागात अधारताल नावाची वस्ती आहे. वस्तीला हे नाव मिळाले ते तेथील तलावावरून, आणि तलावाला मिळाले ते, परंपरा सांगते त्याप्रमाणे, गढ्याच्या राणी दुर्गावतीचा दिवाण अधारसिंह याच्यावरून. राणीचा राणीताल, तिच्या दासीचा चेरीताल आणि दिवाणाचा अधारताल अशी ही तीन नावे गोंड राजवटीतील जलव्यवस्थेची स्मृती अद्याप जपून आहेत. राणी १५६४ साली मोगल सैन्याशी झुंजताना कामी आली. तिच्यामागे साडेचार शतके लोटली, तरी लोकांच्या तोंडी तिच्या काळातील तलावांची नावे आहेतच.

अशा तलावाच्या काठावर उभा राहिलेला मनुष्य पाण्याचा पृष्ठभाग तेवढा पाहतो. गढूळ पाण्याखाली काय आहे हे त्याला कळत नाही. होडीतला नावाडी मात्र लांब बांबू तळापर्यंत खुपसतो आणि न पाहता सांगतो की येथे चिखल आहे, येथे खडक आहे, येथे एखादे बुडालेले झाड आहे. बांबूच्या टोकाला जे लागते ते जसेच्या तसे त्याच्या तळहाताला पोचते. ज्या साधनाने तो तळ चाचपतो, त्याच साधनाने तळ त्याला उत्तर देतो. प्रश्न आणि उत्तर यांची ही एकजूट इतकी सहज आहे की तिचे मोल ध्यानातही येत नाही.

परंतु पाणी दोन पुरुष खोल असण्याऐवजी दोन हजार मीटर खोल असेल तर? तेथे बांबू पोचत नाही, पाणबुड्याही पोचत नाही. दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट असतो आणि सूर्यप्रकाशाचा मागमूस नसतो. अशा ठिकाणी माणूस जे यंत्र पाठवितो त्याला दूरचालित यान किंवा आर. ओ. व्ही. असे म्हणतात. हे यान जहाजाला एका लांब केबलने जोडलेले असते. या नाळेतून त्याला वीज मिळते, हुकूम मिळतात, आणि तिच्यातूनच चित्रे वर येतात. चालक वर, जहाजावरील एका खोलीत, पडद्यांसमोर बसलेला असतो. यान बांधणे ही एक विद्या आहे. पण त्या खोलीतील माणसासमोर कोणते दर्शक ठेवावेत, त्याच्या हातात कोणत्या दांड्या द्याव्यात, हे ठरविणे ही तिच्याइतकीच अवघड अशी दुसरी विद्या आहे. नावाड्याच्या बांबूने जे फुकट दिले होते ते चालकाला परत कसे मिळवून द्यावे, हा तिचा विषय होय.

या विद्येचा प्रारंभ पाण्यात झाला नाही, आकाशात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील काही बॉम्बफेकी विमाने सुखरूप जमिनीवर उतरत आणि उतरल्यावर त्यांची चाके आपोआप मिटल्यासारखी होऊन विमान पोटावर आदळे. चौकशीत 'वैमानिकाची चूक' असा शेरा पडे. अल्फॉन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकाऐवजी त्याच्यासमोरचा फलक पाहिला. चाके उचलण्याची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ शेजारीशेजारी होत्या आणि दिसायला सारख्या होत्या. थकलेला हात अंधारात चुकीच्या कळीवर पडत होता. एका कळीला चाकासारखा आणि दुसरीला पाचरीसारखा आकार दिल्यावर हात न पाहताही ओळखू लागला. पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या हातून घडलेल्या अशा ४६० चुकांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यातून दिसून आले की ज्यांना माणसाच्या चुका म्हटले जात होते त्यांपैकी पुष्कळ चुका फलक आखणाऱ्याने आधीच करून ठेवल्या होत्या. यंत्र आणि माणूस यांच्या संबंधाकडे पाहण्याची दृष्टी येथून बदलली.

त्याच सुमारास दुसऱ्या एका क्षेत्रात हाताचाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. किरणोत्सारी पदार्थ हाताळायचे तर माणसाने जाड भिंतीआड उभे राहिले पाहिजे. शिकागोजवळील आर्गोन प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस जोडीचे यांत्रिक हात तयार केले. भिंतीच्या अलीकडे माणूस जो हात हलवी, तसाच पलीकडचा हात हले. आणि पलीकडच्या हाताला अडथळा झाला तर तो अलीकडच्या मुठीला जाणवे. १९५४ साली हेच कार्य त्यांनी विजेच्या साहाय्याने करून दाखविले. नावाड्याच्या बांबूतील गुण अशा रीतीने यंत्रात आला. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही पुढे असे जोडहात घडविले गेले आणि वापरले गेले. या ट्रॉम्बेशी प्रस्तुत इतिहासाचा आणखी एक धागा जुळतो. तो पुढे येईल.

पाण्याखाली मात्र हा गुण नेणे सोपे नव्हते. १९५३ साली फ्रान्समध्ये दिमित्री रेबिकॉफ यांनी 'पूडल' नावाचे, दोरीला बांधलेल्या कुत्र्यासारखे चालणारे छोटे यान बनविले. अमेरिकी नौदलाने चाचणीत डागलेले टॉर्पेडो तळावरून उचलण्यासाठी 'कर्व्ह' नावाचे यान तयार केले. त्याची खरी परीक्षा १९६६ साली झाली. १७ जानेवारीला स्पेनमधील पालोमारेस गावाच्या आकाशात दोन अमेरिकी विमाने एकमेकांवर आदळली. चार हायड्रोजन बॉम्बपैकी तीन जमिनीवर आणि चौथा समुद्रात पडला. तो शोधण्यास आठवडे लागले. एकदा सापडलेला बॉम्ब उचलताना दोर तुटून पुन्हा हरवला. अखेर ७ एप्रिलला 'कर्व्ह'ने तो सुमारे ८७० मीटर खोलीवरून वर आणला. पण कसा? बॉम्बला दोर अडकविता अडकविता यान स्वतःच त्याच्या हवाई छत्रीत गुरफटले, आणि वरच्या मंडळींनी यान आणि बॉम्ब दोन्ही एकत्रच ओढून घेतले. यशाच्या आनंदात ही गोष्ट विनोदाने सांगितली जाते. तथापि तिच्यात गंभीर बोध आहे. कॅमेऱ्यासमोर जे होते ते चालकाला दिसत होते. यानाच्या पाठीमागे, बाजूला, वर काय होते ते सांगणारे काहीच त्याच्यापाशी नव्हते.

यानंतर एकोणीस वर्षांनी एका भारतीय विमानाच्या दुर्दैवाने या विद्येला सर्वांत कठोर कसोटीस उतरविले. २३ जून १९८५ रोजी मॉन्ट्रिआलहून लंडनमार्गे दिल्ली आणि मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे 'कनिष्क' हे विमान आयर्लंडच्या नैर्ऋत्येस, ३१,००० फूट उंचीवर असताना, रडारच्या पडद्यावरून एकाएकी नाहीसे झाले. ३२९ माणसे मृत्युमुखी पडली. विमान का पडले हे सांगणाऱ्या दोन पेट्या, एक वैमानिकांचे संभाषण नोंदविणारी आणि दुसरी उड्डाणाची माहिती नोंदविणारी, अटलांटिक महासागराच्या तळाशी सुमारे ६,७०० फूट खोल गेल्या होत्या. अशा पेट्यांना जोडलेला ध्वनिसूचक पाण्यात पडताच टिकटिक करू लागतो. पण त्याची बॅटरी सुमारे तीस दिवसांच्या हिशेबाने बसविलेली असते. तेवढ्या अवधीत त्या सापडल्या नाहीत तर त्या विस्तीर्ण तळावर त्यांना शोधणे जवळजवळ अशक्य झाले असते.

'गार्डलाइन लोकेटर' या ब्रिटिश जहाजाने पाण्यात कान लावून पेट्यांचा ठावठिकाणा काढला. त्या उचलण्याचे काम फ्रान्सच्या 'लेओं तेव्हनँ' या केबल टाकणाऱ्या जहाजावरील 'स्कॅरब' या यानाकडे आले. समुद्राखालील केबली दुरुस्त करणे आणि वाळूत पुरणे यासाठी हे यान बनविलेले होते, आणि तेही मुळात ६,००० फुटांपर्यंतच्या कामासाठी. विमानाचे अवशेष शोधण्याचे काम त्याच्या कर्त्यांच्या मनातही नसावे. तरीही १० जुलैला संभाषणाची पेटी आणि दुसऱ्या दिवशी, ११ जुलैला, उड्डाणनोंदीची पेटी यानाच्या यांत्रिक हातात वर आली. दोन्ही पेट्या मुंबईस आणण्यात आल्या आणि त्यांचे वाचन ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले. दोन्ही नोंदी एकाच क्षणी तुटल्या होत्या. न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या चौकशी न्यायालयाने फेब्रुवारी १९८६ मध्ये दिलेल्या अहवालात, पुढच्या मालकक्षात झालेला बॉम्बस्फोट हे अपघाताचे कारण असल्याचा निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षामागे पेट्यांच्या बरोबरीने आणखी एक पुरावा होता. कॅनडाच्या तटरक्षक दलाच्या 'जॉन कॅबट' जहाजावरून दुसऱ्या 'स्कॅरब' यानाने पुढील महिन्यांत तळावर विखुरलेल्या तुकड्यांची चित्रे घेतली होती, आणि कोणता तुकडा कोठे पडला आहे याचा नकाशा त्यांवरून तयार झाला होता.

या कामात चालकाच्या वाट्याला काय येते याचा विचार केला पाहिजे. दिव्याच्या उजेडात काही मीटरांपलीकडे काही दिसत नाही. पाणी लाल रंग प्रथम गिळून टाकते. त्यामुळे भडक नारिंगी पेटीही यान अगदी जवळ गेल्याखेरीज तिच्या रंगाने ओळखू येत नाही. दिवा कॅमेऱ्याच्या अगदी लगत ठेवला तर पाण्यातील कण उजळून धुक्यातल्या मोटारीसारखी अवस्था होते. म्हणून दिवे बाजूला, दूर लावावे लागतात. यानाचे पंखे तळाजवळ फिरले की गाळ उसळतो आणि पडदा पांढरा होतो. अशा वेळी अनुभवी चालक काहीच करीत नाही. प्रवाह गाळ वाहून नेईपर्यंत तो थांबतो. साध्या पडद्यावर लांबी-रुंदी दिसते, खोली दिसत नाही. समोरची वस्तू हातभर दूर आहे की वावभर, हे सावलीवरून ताडावे लागते. आणि यांत्रिक बोटे मिटली तरी मुठीला काही जाणवत नाही, कारण बहुतेक यानांवरील हात गर्ट्झच्या हातांसारखे उलट उत्तर देणारे नसतात. पकड घट्ट झाली की सैल राहिली, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. नावाड्याचा हात पाहत असे. येथे चालकाच्या डोळ्याला हाताचेही काम करावे लागते.

म्हणून फलक आखणाऱ्याचे पहिले कर्तव्य असे की डोळ्यावरचा हा भार वाढू देऊ नये. चालकाला अखंड कळत राहिले पाहिजे अशा गोष्टी मोजक्याच आहेत: यानाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, ते किती खोल आहे, तळापासून किती वर आहे, ते कोणीकडे कलले आहे, कॅमेरा कोणीकडे वळला आहे, आणि नाळेला किती पीळ पडले आहेत. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतात. परंतु कॅमेरा डावीकडे वळलेला असताना यान पुढे नेले तर पडद्यावरील चित्र आडवे सरकते, आणि ज्याला कॅमेऱ्याचा रोख ठाऊक नाही तो यान वाहवत चालले असे समजून उलट दिशेला जोर लावतो. नाळेचे तर विचारूच नये. एकाच बाजूला वारंवार वळलेले यान नाळेला पीळ घालीत जाते, आणि एखाद्या खांबाला वळसा घालून गेलेले यान आल्या वाटेनेच परतले पाहिजे, अन्यथा ते अडकते. जपानचे 'काइको' हे यान १९९५ साली जगातील सर्वांत खोल गर्तेत १०,९११ मीटरपर्यंत जाऊन आले होते. २००३ साली केबल तुटून ते समुद्राला कायमचे गमावले. म्हणून चांगल्या फलकावर वळसे मोजणारा एक साधा आकडा असतो, आणि जाणता चालक काम संपताच तो शून्यावर आणतो.

या गोष्टी दाखवायच्या कोठे, हाही प्रश्नच आहे. खोली आणि दिशा यांचे आकडे चित्राच्या कडेवरच उमटविले तर नजर हलवावी लागत नाही. परंतु आकड्यांची गर्दी झाली की चित्रच झाकले जाते. एखाद्या भागात पाणी शिरले, तेलाचा दाब उतरला, वीज गळू लागली, तर धोक्याची सूचना हवी. पण वीस दिवे एकदम लागले तर कोणता महत्त्वाचा हे कळेनासे होते. चालकाच्या खोलीतील हालचालीही विसरून चालत नाहीत. लाटांवर जहाज डोलत असते आणि पडद्यावरचा तळ निश्चल असतो. शरीर एक सांगते आणि डोळा दुसरे, आणि दर्यावर्दी माणसालाही मळमळू लागते. म्हणून आसन, प्रकाश, दांडीची उंची, पाळीची लांबी या सर्वांचा हिशेब त्या आराखड्यात धरावा लागतो. वस्तूचे माप कळावे यासाठी यानावरून लेझरचे दोन समांतर किरण सोडण्याची युक्ती फार साधी आणि फार उपयोगी ठरली. दोन ठिपक्यांतील अंतर ठरलेले असते; यान जवळ जावो वा दूर, ते बदलत नाही. पडद्यावर जणू एक पट्टीच वस्तूला लावलेली राहते.

दुसरे कर्तव्य म्हणजे कामाची वाटणी. यानाला ठरावीक खोलीवर स्थिर राखणे, दिशा न बदलू देणे, ही कामे माणसाला थकवितात आणि यंत्र ती न कंटाळता करते. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रज्ञान संस्थेतील टॉमस शेरिडन आणि विल्यम फेरेल यांनी १९६० च्या दशकात असे दाखविले होते की हुकूम आणि परिणाम यांत विलंब असला की माणूस थोडे हलवितो, थांबतो, पाहतो आणि पुन्हा थोडे हलवितो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. तेव्हा केबलविना, ध्वनीच्या द्वारे तीन किलोमीटर दूरच्या यानाशी बोलायचे तर उत्तरास चार सेकंद लागतात. अशा यानाला हालचालीगणिक हुकूम देणे व्यर्थ आहे. त्याला उद्दिष्ट सांगावे आणि वाट त्याच्यावर सोपवावी. १९७८ साली शेरिडन आणि विल्यम व्हरप्लँक यांनी समुद्राखालील यंत्रांच्या नियंत्रणावरील अहवालात माणूस आणि संगणक यांच्यातील अधिकाराच्या दहा पायऱ्या मांडल्या. एका टोकाला सर्व काही माणूस करतो. दुसऱ्या टोकाला संगणक सर्व ठरवितो आणि माणसाला विचारीतही नाही. सागरतळासाठी केलेली ही मांडणी पुढे विमाने, कारखाने आणि मोटारी यांच्या चर्चेतही आधारभूत ठरली. यंत्राने काय करावे याबरोबरच, यंत्र या क्षणी काय करीत आहे हे माणसाला कसे कळावे, हा प्रश्न तिने सर्वांपुढे ठेवला.

भारतात ही विद्या प्रथम तेलाच्या निमित्ताने पश्चिम किनाऱ्यावर आली. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेथील फलाटांचे पाय आणि तळावरील नळ यांची तपासणी पाणबुड्यांबरोबर दूरचालित यानेही करू लागली. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' हे छोटे स्वयंचलित यान घडविले. त्याला नाळ नाही. त्यामुळे त्याच्या चालकाचे बरेचसे काम यान पाण्यात उतरण्यापूर्वी संपते. मार्ग, खोली, परतीची वेळ हे सर्व आधी ठरवून द्यावे लागते. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे, रशियन तज्ज्ञांच्या सहकार्याने बनलेले 'रोसब ६०००' हे यान २०१० साली मध्य हिंदी महासागरात ५,२८९ मीटर खोल गेले. आणि डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत पाणबुडीतील सैनिकांना वाचविणारी यंत्रणा दाखल झाली. तिच्यातील दूरचालित यानाचे काम असे की बुडालेल्या पाणबुडीपर्यंत जाऊन आतील माणसांसाठी प्राणरक्षक सामग्रीचे डबे पोचवावेत. तेथे हात चुकला तर तो एखाद्या पेटीवर चुकत नाही, श्वास मोजीत बसलेल्या माणसांवर चुकतो.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष काढायचा तर तो असा की यंत्र जितके दूर जाते तितकी त्याच्या आखणाऱ्याची जबाबदारी माणसाच्या जवळ येते. कळ कोठे असावी, आकडा केवढा असावा, कोणती सूचना आधी ऐकू यावी, हे निर्णय जहाज बंदरातून निघण्याच्या कितीतरी आधी, कागदावर होतात. त्या वेळी ते किरकोळ भासतात. त्यांची किंमत रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी, डोलणाऱ्या जहाजावर, पडद्याकडे पाहून थकलेल्या एखाद्या चालकाला द्यावी लागते. १९८५ च्या त्या जुलै महिन्यात ३२९ मृतांचे आप्त एकाच प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत होते: हे कशामुळे घडले? ते उत्तर दोन किलोमीटर पाण्याखाली एका पेटीत बंद होते, आणि ते वर येणे हे अखेर एका माणसाला त्या अंधारात किती दिसते आणि त्याचा हात किती नेमका चालतो यावर अवलंबून होते. केबली दुरुस्त करण्यासाठी आखलेला फलक त्याला त्या दिवशी पुरेसा ठरला. ज्यांनी तो आखला त्यांची नावे कोणाच्या स्मरणात नाहीत. पण त्यांनी चालकाचा विचार नीट केला होता, याची साक्ष ट्रॉम्बेला पोचलेल्या त्या दोन पेट्यांनी दिली.